गाडी चालवता येते, पण थांबवता येते का?

परवा शेजारचा पोरगा नवीकोरी गाडी घेऊन दारात. "काका, अंबाजोगाईला लायसन्सच्या टेस्टमध्ये आठ काढला, पास झालो!"

म्हटलं, "शाब्बास! आता पुढचा ब्रेक दाबून दाखव."

"नको काका, गाडी पलटी होते."

परळीत इतकी वर्षं दुचाकी शिकवतोय, हा गैरसमज प्रत्येक बॅचमध्ये भेटतो.

ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं. म्हणून गाडी थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. हँडल सरळ ठेवून, मागच्या ब्रेकसोबत, लिंबू पिळल्यासारखा हळूहळू दाबायचा. झटका दिला की घसरलात.

आमच्याकडे पहिल्या दिवशी इंजिन बंद. गाडी नुसती ढकलायची, वजन समजून घ्यायचं. मग अॅक्सिलरेटर न देता हाफ क्लचवर चालायच्या वेगाने. मग ब्रेक. रस्ता सगळ्यात शेवटी.

आठ काढल्याने तोल आणि नजर कळते. पण इथल्या थर्मल वीज केंद्राच्या टिपरमधून सांडलेली राख टेस्टच्या मैदानावर नसते. राख दिसली की आधीच वेग कमी करा, तिच्यावर गाडी तिरकी करू नका. रात्री उसाची ट्रॉली असते, बऱ्याचदा मागे लाइटच नसतो. अंतर ठेवा.

लर्निंग लायसन्स ६ महिने चालतं, पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर. ते ३० दिवस सरावाचे आहेत, वाट बघण्याचे नाहीत.

तुम्हाला कोणी शिकवलं? वडिलांनी, की पडून पडून? काही अडत असेल तर खाली विचारा.