भरदुपारी अडकलेला ५४,६१२

पॉलिहाऊसबाहेर लावलेला प्रकाशाचा सेन्सर सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत एकच आकडा दाखवतो, ५४,६१२. तो बिघडला का, असं एका वाचकाने विचारलं आहे. त्याने पाठवलेल्या आलेखात चढत गेलेली रेघ दहाला एकदम आडवी होते आणि तीननंतर उतरू लागते.

आकडा पाहून मी हरखलोच, कारण उत्तर त्यातच आहे! विद्यार्थी सर्रास वापरतात तो बीएच १७५० सेन्सर प्रकाश १६ बिटांत मोजतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. चिपच्या हिशोबाप्रमाणे तिला १.२ने भागलं की येतात ५४,६१२ लक्स. मापटं शिगोशीग भरलं. आता वरून कितीही ओता, माप तेवढंच. ट्यूबलाइटखाली जेमतेम काही शे लक्स असतात, म्हणून घरात चाचणी घेताना हे कळत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी उघड्यावर लाखभर लक्स पडतात. धूळ किंवा दवामुळेही आकडा चुकतो, पण तो हलत राहतो. असा एका जागी खिळत नाही.

उपाय चिपमध्येच आहे. मोजणीचा वेळ ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये मुळात ६९ असतात. तिथे ३१ लिहिले, की मर्यादा १,२१,५५६ लक्सपर्यंत जाते. मात्र मग उत्तराला ६९ भागिले ३१ने गुणावं लागतं. काही सॉफ्टवेअर लायब्ररी हे स्वतःच करतात, तेव्हा दोनदा गुणाकार होऊ देऊ नका. खात्रीसाठी संध्याकाळच्या मंद उजेडात दोन्ही प्रकारे मोजून बघा; आकडे जुळायला हवेत.

अशा सेन्सरच्या मुळाशी असलेली गोष्ट, म्हणजे अर्धवाहक स्फटिक प्रकाश टिपतो, हे जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या स्फटिकावर दाखवलं होतं. त्या गॅलिना डिटेक्टरचं अमेरिकी पेटंट त्यांना १९०४मध्ये मिळालं. बिनतारी संदेशांच्या इतिहासात बोस भेटतात, प्रकाश टिपणाऱ्या उपकरणांच्या इतिहासात क्वचितच. पाठ्यपुस्तकांनी ही उणीव भरून काढायला हवी.

हेच बोस पुढे वनस्पतींकडे वळले, आणि नेमकं तिथेच ‘स्मार्ट शेती’च्या जाहिराती गल्लत करतात: पिकाला मिळणारा प्रकाश लक्समध्ये सांगतात. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. आपल्याला हिरवा प्रकाश सर्वांत ठळक दिसतो. पानं मात्र लाल आणि निळा जास्त शोषतात. रंगीत शेडनेटखाली तर लक्सचा आकडा पिकाबद्दल फारच दिशाभूल करतो. आज ऊन कालपेक्षा जास्त की कमी, एवढं सांगायला हा सेन्सर उत्तम आहे. पिकाला किती प्रकाश मिळतो हे ठरवायचं असेल, तर प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी किरणं मोजणारा पार (PAR) सेन्सरच घ्या.