एसटीत, रेल्वेत परवान्याची बंदूक नेताय? आधी हे वाचा, नाहीतर परवाना असूनही पोलीस ठाण्याची वारी

समजा, भुदरगडातल्या एखाद्या वाडीवरचे आजोबा. डुक्कर आणि माकडांपासून पीक राखायला त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे. परवाना जुना, कागद सगळे नीट. निवडणूक लागली, बंदूक ठाण्यात जमा करा म्हणून निरोप आला. आजोबांचे गुडघे धरलेले. ते नातवाला म्हणाले, "तू जा बाबा, देऊन ये." नातवाने बंदूक पोत्यात गुंडाळली आणि एसटीत मागच्या सीटवर जाऊन बसला. स्टँडवर उतरल्यावर हवालदाराने विचारले, "काय आहे रे पोत्यात?"

"आजोबांची बंदूक, साहेब."

"परवाना?"

"घरी आहे."

इथून पुढे काय होते, ते वेगळे सांगायला नको. चूक कोणाची? बंदूक कायदेशीर, परवाना चालू, जायचे कारणही सरकारी. चुकला तो फक्त प्रवास. म्हणून आज बंदूक घरातून बाहेर पडल्यावर कायदा काय मागतो, एवढेच बघू. शेतीसंरक्षणाची बंदूक असो की नेमबाजी शिकणाऱ्या पोरांची रायफल, नियम बहुतेक सारखेच आहेत.

नातवाच्या हाती बंदूक देता येते का?

येते, पण अटीवर. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ३ म्हणते की बंदूक बाळगायला परवाना लागतो. त्याच कलमात एक सवलत आहे. परवानाधारक सोबत असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो. तीही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठीच.

म्हणजे "घरातलाच आहे की" हे उत्तर चालत नाही. आजोबांना जमत असेल तर त्यांनी स्वतःच जावे, सोबतीला नातू. अगदीच जमत नसेल तर आधी ठाण्यात फोन करून विचारा. मग आजोबांच्या सहीचे पत्र करा. पत्रात कोणाच्या हाती, कुठली बंदूक, तिचा नंबर, कुठून कुठे, कशासाठी आणि कोणत्या तारखेला हे सगळे लिहा. पत्रासोबत मूळ परवाना द्या. पोरगा लहान असेल तर त्याला पाठवूच नका.

निघण्याआधी परवान्यावर तीन गोष्टी बघा

पहिली, मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. पण जुन्या परवान्यावर जी तारीख छापली आहे तीच खरी. मुदत संपलेला परवाना घेऊन प्रवास म्हणजे बिनपरवाना प्रवास. नूतनीकरणाचा अर्ज दिला असेल तर त्याची पोच जवळ ठेवा.

दुसरी, बंदुकीचा नंबर. नळीवर कोरलेला नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळतो का, ते घरीच बघा. जुन्या बंदुकीवर नंबर झिजलेला असतो. तो वाचता येत नसेल तर प्रवासाच्या आधी ठाण्यात दाखवून घ्या.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, क्षेत्र. परवान्यावर तो कुठवर चालतो हे लिहिलेले असते. कुणाचा जिल्ह्यापुरता, कुणाचा महाराष्ट्रभर, कुणाचा देशभर. शेतीसंरक्षणाच्या परवान्याचे क्षेत्र सहसा लहानच असते.

आपल्याकडे इथेच घोळ होतो. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. बंदूक दुरुस्तीला म्हणून तो सहज तिकडे निघतो, पण हद्द ओलांडली की कर्नाटक. आणि बेळगावला न जाताही हद्द ओलांडली जाते. गडहिंग्लजहून संकेश्वर-निपाणी मार्गे कोल्हापूरला येणारी एसटी मध्ये कर्नाटकातून येते. तुम्ही कोल्हापुरात उतरणार असलात तरी बंदूक दुसऱ्या राज्यातून फिरून आलेली असते. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर आपल्याच हद्दीतून जाणारी गाडी धरा. उदाहरणार्थ, आजऱ्याहून गारगोटी, मुदाळ तिट्टा मार्गे. अर्धा तास जास्त लागला तरी चालेल.

क्षेत्राबाहेर जायचेच असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आधी अर्ज करून क्षेत्र वाढवून किंवा प्रवासाची परवानगी घ्या. ग्रामीण भागात परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारी असतात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त.

बंदूक कशी न्यायची? रिकामी, झाकलेली, ताब्यात

शस्त्र नियम २०१६ मध्ये हे स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी बंदूक तिच्यासाठी बनवलेल्या कव्हरात हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि ती नेणाऱ्याच्या ताब्यात हवी. खांद्याला उघडी लटकवून स्टँडवर फिरणे, चहाच्या टपरीवर मित्राला काढून दाखवणे, सीटवर ठेवून लघुशंकेला जाणे, यातले काहीही चालत नाही. पोतेही नको. पोत्यातली बंदूक लपवलेली वाटते, कव्हरातली नेलेली वाटते. बघणाऱ्याच्या नजरेत हा मोठा फरक आहे.

घरातून निघताना बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. काडतुसाची असेल तर मोडून, नळीतून आरपार बघा. ठासणीची असेल तर जास्त काळजी, कारण ती ठासलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. गज आत घालून तपासा. शंका असेल तर तशी बंदूक गाडीत नेऊच नका, ठाण्यात कळवा.

बंदुकीची दारू आणि केपा एसटीत किंवा रेल्वेत अजिबात नेऊ नका. दारू हा स्फोटक पदार्थ आहे. रेल्वेत धोकादायक माल बेकायदा नेल्यास रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बंदूक जमा करायला किंवा तपासणीला जाताना दारूगोळ्याचे काम काय? ठाण्याने काडतुसे मोजायला मागितली असतील तर ती वेगळ्या डब्यात, मोजून आणि हिशेब लिहून न्या.

एसटीत

गर्दीची गाडी टाळा. वाहकाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगा, परवाना दाखवा. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे बोलू नका. बंदूक डोक्यावरच्या रॅकवर किंवा डिकीत टाकू नका, स्वतःजवळ धरा. वाहक नको म्हणाला तर हुज्जत घालू नका. गाडीभर माणसांची जबाबदारी त्याच्यावर असते.

रेल्वेत

कोल्हापूरहून पुण्या-मुंबईला स्पर्धेसाठी जाणारी पोरे रेल्वेनेच जातात. स्टेशनवर पोचल्यावर आधी रेल्वे सुरक्षा दल किंवा लोहमार्ग पोलिसांना भेटा. परवाना, ओळखपत्र आणि स्पर्धेचे पत्र दाखवा. रात्रीच्या प्रवासात केस कुलूप लावून स्वतःजवळ ठेवा.

शस्त्र कायद्याचे कलम २० माहीत असू द्या. शस्त्र नेण्याच्या पद्धतीवरून बेकायदा कामाचा सबळ संशय आला तर परवाना असला तरी अटक होऊ शकते. आणि ही अटक फक्त पोलीसच नव्हे, रेल्वेत किंवा इतर वाहनावर काम करणारा माणूसही करू शकतो. म्हणून आपण आधी जाऊन सांगितलेले बरे.

विमानात

हातातल्या बॅगेत बंदूकही नाही आणि काडतूसही नाही. काउंटरवर आधी सांगायचे, कागद दाखवायचे, मग रिकामी बंदूक सामानाच्या भागात जाते. काडतुसे वेगळी बांधून, कंपनीच्या मर्यादेत. तिकीट काढतानाच कंपनीला विचारा आणि विमानतळावर लवकर पोचा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती विसरलेल्या काडतुसाने. शेतावर नेलेलीच पिशवी माणूस विमानाला घेऊन जातो, कोपऱ्यात एक काडतूस राहिलेले असते आणि ते मशिनीत दिसते. जाणूनबुजून बाळगले नव्हते म्हणून न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केल्याची उदाहरणे आहेत. पण तोवर विमान चुकलेले असते, वकील लावलेला असतो. बंदुकीची पिशवी वेगळी, प्रवासाची वेगळी.

छऱ्याच्या रायफलीला परवाना लागतो का?

४.५ मिलिमीटरपर्यंतचे तोंड आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर रायफलीला किंवा एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. १० मीटरच्या स्पर्धेत हीच वापरतात. पण एसटीतल्या माणसाला ज्यूल दिसत नाही, बंदूक दिसते. म्हणून खरेदीची पावती, ओळखपत्र, क्लबचे किंवा संघटनेचे कार्ड आणि स्पर्धेचे पत्र जवळ हवेच. केसही बंद हवी. विमानात हीसुद्धा सामानातच जाते, हवेची टाकी रिकामी करून.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले. तो स्वतः रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याच्याकडे बघून कुठल्या वाडीवरचे पोर रायफल हातात घेईल सांगता येत नाही. नेम धरायला शिकवताना कागद धरायलाही शिकवा.

जंगलातून रस्ता जात असेल तर

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. राधानगरी-दाजीपूर भागातून बंदूक घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दुसरा रस्ता असेल तर तो धरा, नसेल तर वन्यजीव कार्यालयात आधी विचारा. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांच्या नोंदणीची तरतूदही याच कायद्यात, कलम ३४ मध्ये आहे.

निवडणूक आणि सणावारात

मनाई आदेश लागू झाला की परवान्याची बंदूकही बाहेर काढता येत नाही. असा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. तारखा दैनिकात येतात, ठाण्याच्या फलकावर लागतात. निघण्याआधी ठाण्यात एक फोन करा. बंदूक जमा केल्यावर पोच घ्या, ती हरवू नका. परत आणताना पोच आणि परवाना दोन्ही सोबत ठेवा.

पोलिसांनी अडवले तर

कलम १९ नुसार परवाना दाखवा म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. चिडू नका. "माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे, रिकामी आहे, कागद दाखवतो," असे आधी तोंडाने सांगा. विचारल्याशिवाय कव्हराला हात लावू नका. मूळ परवाना दाखवा. मोबाईलमधला फोटो जोडीला असू द्या, मूळ परवान्याच्या जागी नको. बंदूक ताब्यात घेतली तर पंचनाम्याची प्रत किंवा पोच मागा.

परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण शेतकऱ्याला खरा फटका बसतो तो परवाना निलंबित किंवा रद्द झाल्याचा. ऐन सुगीत डुक्कर शिवारात आणि बंदूक ठाण्यात.

बंदूक प्रवासात हरवली, चोरीला गेली तर घरी जाऊन विचार करू म्हणू नका. त्याच ठिकाणच्या ठाण्यात लगेच तक्रार द्या आणि आपल्या ठाण्यालाही कळवा.

थोडक्यात

- मूळ परवाना आणि आधार कार्ड सोबत
- मुदत, नंबर, क्षेत्र तपासले
- बंदूक रिकामी, कव्हरात, हातात
- दारू आणि केपा घरी
- दुसऱ्याच्या हाती द्यायची तर सहीचे पत्र
- मनाई आदेश नाही ना, हे ठाण्यात विचारले

आपल्या गावात कुणाकडे परवान्याची बंदूक असेल तर हे त्यांना वाचून दाखवा. म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवर वाचायला जमत नाही, आणि बंदुका बहुतेक त्यांच्याच नावावर आहेत.