हॉप्सचा कडवटपणा आणि बिअरची पारख

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली आणि थोड्या प्रमाणात ताजी बनवलेली ‘क्राफ्ट’ बिअर मराठी ग्राहकाच्या ओळखीची होऊ लागली. यवतमाळसारख्या जिल्ह्यात मात्र बिअरची प्रत आजही बहुधा ती किती चढते यावरूनच ठरते. हॉप्सचा भरपूर वापर असलेल्या ‘इंडिया पेल एल’ला, म्हणजे आयपीएला, हे माप लावता येत नाही.

हॉप्स ही गांजाच्या कुळातील एका वेलीची मादी फुले असून त्यांच्यातील ल्युप्युलिन या पिवळ्या भुकटीत राळ आणि सुगंधी तेले असतात. माल्टच्या गोड रसात ही फुले उकळली की राळेतील आल्फा आम्लांचे रूप पालटून कडवटपणा उतरतो, पण तेले वाफेबरोबर उडून जातात. म्हणून सुगंधासाठी हॉप्स उकळीच्या शेवटी किंवा आंबवणीच्या काळात, ‘ड्राय हॉपिंग’ पद्धतीने, पुन्हा घातले जातात. कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात आणि अमेरिकी धाटणीच्या आयपीएत तो साधारण ४० ते ७० असतो. तरीही माल्टचा गोडवा जास्त असेल, तर तोच आकडा जिभेला सौम्य वाटतो.

अमेरिकेतील ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’च्या गुणपत्रिकेत ५० पैकी चवीला २०, सुगंधाला १२, एकूण प्रभावाला १०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि रूपाला केवळ ३ गुण आहेत. बर्फगार बिअरचा वास दबतो, त्यामुळे ती किंचित कोमट होऊ देऊन, साबणाचा वास नसलेल्या पेल्यात ओतून, फेस आहे तोवरच हुंगावी. विदर्भातील संत्र्याची साल नखाने दुमडताच जे तुषार उडतात, त्यांच्या जवळचा गंध अनेक अमेरिकी हॉप्समध्ये सापडतो. मायर्सिन हे द्रव्य दोन्हींच्या तेलांत असते. घोट मात्र गिळावाच लागतो, कारण कडवटपणा उशिरा उमटतो आणि तो स्वच्छपणे ओसरतो की घशाशी खरखरत राहतो, हे गिळल्यावरच कळते.

ओल्या पुठ्ठ्याचा वास प्राणवायूने झालेला बिघाड सांगतो, तर प्रकाशामुळे हॉप्सच्या कडू घटकांपासून उग्र दुर्गंध तयार होतो. तपकिरी बाटली त्यापासून बिअरचे रक्षण करते. उष्णतेने हॉप्सचा सुगंध झपाट्याने विरतो, म्हणून यवतमाळच्या उन्हाळ्यात नाममुद्रेपेक्षा बाटलीवरील उत्पादनाची तारीख आणि दुकानातील साठवण आधी पाहावी.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, आणि महिलांनी दारूबंदीसाठी आंदोलने केलेल्या या जिल्ह्यात हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की पारखीला चार घोट पुरतात. त्यापुढे जीभ बधिर होते आणि निवाड्याला अर्थ उरत नाही.