असो वा नसो

रात्रीचे दोन वाजले होते. माजघरातला दिवा अजून जळतो आहे हे पाहून मी उठलो, तो भाची संगणकापुढे डोके धरून बसलेली. अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष, परवा प्रकल्पाची तोंडी परीक्षा, आणि पडद्यावर एकच तक्रार : ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’.

“मामा, माझ्या यंत्रावर सगळं सुरळीत चाललं होतं हो! सरांनी त्यांच्याकडे बांधून पाहिलं, तर हे!”

आता मी पडलो मराठीचा मास्तर. पण ‘अमक्या शब्दाचा पत्ता लागत नाही’ ही तक्रार मला ओळखीची वाटली, म्हणून खुर्ची ओढून बसलो. त्या रात्री जे पदरात पडले ते वाचकांपुढे ठेवतो.

यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये जो कारभारी उभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. लायनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला. आज त्याच्या तीन कोटींहून अधिक ओळी झाल्या आहेत. इतके सगळे कोणालाच लागत नाही. म्हणून बांधणीच्या वेळी प्रत्येक भागापुढे आपली निवड लिहायची. २००२ पासून हे काम ‘के-कॉन्फिग’ नावाची व्यवस्था पाहते. मौज अशी, की बऱ्याच भागांना उत्तरे दोन नाहीत, तीन आहेत : ‘वाय’, ‘एन’ आणि ‘एम’. वाय म्हणजे घरचा माणूस, कर्नलमध्ये कायमचा मुरलेला. एन म्हणजे मुळीच नको. एम म्हणजे मॉड्यूल : वेगळा बांधून ठेवलेला, गरज पडेल तेव्हा बोलवायचा पाहुणा.

पाहुण्याने घरच्यांना हाक मारली तर हरकत नाही. तो येतो तेव्हा घर उभे असते. पण घर बांधले जात असताना घरच्या माणसाने पाहुण्याला हाक मारली, तर ओ देणार कोण? जोडणी तिथेच अडते.

भाचीचे नेमके हेच झाले होते. उष्णतामान मोजणाऱ्या उपकरणाचा ड्रायव्हर तिने लिहिला होता, आणि वेळेची नोंद ठेवणारा दुसरा भाग तिच्या मैत्रिणीने. तो असला तर उत्तम, नसला तरी ड्रायव्हर चालावा, अशी योजना. नसेल तेव्हासाठी नावापुरती रिकामी फंक्शनेही लिहून ठेवलेली. तिच्याकडे दोन्ही ‘वाय’ होते. सरांनी ड्रायव्हर ‘वाय’ ठेवला आणि नोंदीचा भाग ‘एम’ केला. असण्याची सोय होती, नसण्याची होती, पाहुण्याची नव्हती.

“मग मैत्रिणीच्या भागाला सक्तीनं घरात घे की,” मी म्हणालो. त्यालाही ‘सिलेक्ट’ नावाची आज्ञा आहे. पण ती बळजबरीच्या लग्नासारखी. ज्याला ओढून आणायचे त्याच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झाल्या आहेत की नाही, हे ती पाहतच नाही. ‘इम्प्लाय’ त्याहून सौम्य, नुसती विनंती. ती कोणी मानलीच पाहिजे असे नाही. २०२१ मध्ये इंटेलच्या ‘आइस’ या नेटवर्क-ड्रायव्हरची बांधणी अशाच विनंतीवर विसंबल्याने मोडली. ड्रायव्हर घरात, अचूक वेळेची ‘पीटीपी’ व्यवस्था बाहेर. अर्न्ड बर्गमन यांनी ती दुरुस्त केली, तीही एका ड्रायव्हरपुरती नव्हे. अशा साऱ्या ड्रायव्हरांनी अवलंबावे असे ‘पीटीपी १५८८ क्लॉक ऑप्शनल’ हे वेगळे चिन्हच काढले. अशा चुका सापडाव्यात म्हणून फासे टाकल्यासारखी कशीही उत्तरे भरून कर्नल बांधून पाहण्याची रीत आहे. एरवी हजारो निवडींची कोणती जोडी कुठे भांडेल, हे कोणाला सुचणार?

शेवटी भाचीने कर्नलच्या कागदपत्रांतून उपाय शोधला. तिने ड्रायव्हरवर अट घातली : ‘नोंद असो, किंवा नोंद नसो.’

मी हसलो. “अगं, ही कसली अट? पाऊस पडेल किंवा पडणार नाही, हे सांगायला ज्योतिषी कशाला?”

“मामा, इथं नकाराचं गणित निराळं आहे.” तिने कागद ओढला. वाय म्हणजे २, एम म्हणजे १, एन म्हणजे ०. नकार म्हणजे २ मधून वजा. ‘किंवा’ म्हणजे दोहोंतला मोठा. नोंद २ असेल तर नकार ०, मोठा २. नोंद ० असेल तर नकार २, मोठा पुन्हा २. दोन्हीकडे ड्रायव्हर मोकळा. पण नोंद १ असेल तर? नकारही १! मोठाही १. म्हणजे ड्रायव्हरलाही एमच्या वर चढता येत नाही. पाहुण्याबरोबर पाहुणा होऊनच यावे लागते.

मी थक्क झालो. पाणिनीने विकल्पासाठी ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे तीन शब्द वापरले. पॉल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञाने या तिन्हींत पसंतीच्या वेगवेगळ्या छटा आहेत असे मांडले, तेव्हा आम्हां व्याकरणवाल्यांत बरीच चर्चा झाली होती. इथे तर ‘नाही’चा नकारही ‘अर्धवट नाही’ निघाला.

आणखी एक पळवाट होती : नोंदीचा भाग हाताशी नसेल तर तो नाहीच असे ड्रायव्हरने समजावे, ही. बांधणी बिनबोभाट होते, पण नोंद चालू असूनही ड्रायव्हर तिला विचारत नाही. भाचीने ती नाकारली, आणि मला ते आवडले. ओरडणारी चूक परवडली.

पहाटे चारला तिने तीनदा बांधणी केली : नोंद वाय, नोंद एम, नोंद एन. तिन्ही पार पडल्या. परीक्षेत सरांनी पहिलाच प्रश्न त्या ओळीवर विचारला म्हणे : “ही अट नेहमीच खरी, मग लिहिलीत कशाला?” भाचीने फळ्याकडे जाऊन खडू उचलला.