पाळीची शांतता : श्टुटगार्टमधील नवे घर आणि संगीताचा छंद

परदेशात नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्या माणसाचा संगीताचा छंद त्याच्या गळ्याच्या किंवा बोटांच्या तयारीवर जितका अवलंबून असतो, तितकाच तो ज्या इमारतीत राहतो तिच्या भिंतींवर, तिच्या नियमावलीवर आणि शेजाऱ्यांशी जमलेल्या सलोख्यावरही अवलंबून असतो. जर्मनीच्या नैर्ऋत्येला असलेल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याची राजधानी श्टुटगार्ट हे या गोष्टीचे चांगले उदाहरण आहे. १९६८ पासून मुंबईशी भगिनी-शहराचे नाते असलेल्या या मोटारउद्योगाच्या शहरात मराठी अभियंते आणि त्यांची कुटुंबे बऱ्याच काळापासून राहत आहेत. २०१५ मध्ये या राज्याने महाराष्ट्राशी भागीदारी जोडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातून कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी दोन्ही राज्यांत करार झाला, त्यामुळे तेथील दैनंदिन जीवन समजून घेण्याची गरज आता अधिक मराठी घरांना भासणार आहे. नोकरी, भाषा आणि हवामान यांविषयी अशा कुटुंबांना पुष्कळ सांगितले जाते. परंतु सामानात पेटी, तबला किंवा तंबोरा असेल तर त्या घरात सूर केव्हा, किती आणि कसा लावता येईल, हा प्रश्न मात्र बहुधा पहिल्या रियाजाच्या दिवशीच समोर उभा राहतो.

भाड्याच्या सदनिकेची परिभाषाच तेथे वेगळी आहे. ‘काल्टमीटे’, म्हणजे शब्दशः थंड भाडे, हे केवळ जागेचे भाडे असते आणि त्यात तापवण्याचा व देखभालीचा खर्च मिळवला की ‘वार्ममीटे’, म्हणजे उबदार भाडे, होते. वीज व इंटरनेट यांचे पैसे बहुधा त्याहून निराळे असतात. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्यानेच भाडेकरूला दिलेला आहे. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात नव्या पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्या नोंदीसाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. दोन खोल्यांचे घर म्हटले की त्यात स्वयंपाकघर व न्हाणीघर धरलेले नसते. पुष्कळ घरांत ओटा, कपाटे आणि शेगडीही भाडेकरूने स्वतः बसवायची असतात, आणि छतातून दिव्यांऐवजी नुसत्या तारा लोंबताना दिसतात.

अशा मोकळ्या घरात पहिल्या दिवसांत हाताने वाजवलेली टाळीसुद्धा घुमते, कारण आवाज शोषून घेणारे पडदे, गाद्या, पुस्तके असे काहीच तेथे नसते. आणि म्हणूनच नव्या घराचा नाद हा गाणाऱ्याला आधी सुखद व थोड्याच वेळात थकवणारा वाटतो.

घराबरोबर येणारी दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे ‘हाऊसऑर्डनुंग’, अर्थात इमारतीची नियमावली, जी बहुधा भाडेकराराला जोडलेली असते. श्टुटगार्ट ज्या श्वाबेन प्रदेशात येते, तेथे या नियमावलीत ‘केरवोखे’ नावाची प्रथा हमखास आढळते. एकेका आठवड्यात एकेका बिऱ्हाडाने जिना, प्रवेशमार्ग आणि कधी कधी इमारतीपुढचा पदपथ झाडण्याची ही पाळी असते. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक लहानशी पाटी लटकते आणि आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते. जिना कोणाच्याच एकट्याच्या मालकीचा नाही, म्हणून तो सर्वांनी पाळीने सांभाळायचा, हा त्यामागचा विचार आहे. आणि त्या समाजात शांततेकडेही नेमके याच दृष्टीने पाहिले जाते.

शांततेच्या वेळांना ‘रुहेत्साइट’ असे म्हणतात. रात्री साधारणपणे १० ते सकाळी ६ या वेळेत घरातला आवाज खोलीपुरता ठेवावा लागतो. त्यासाठी ‘त्सिमरलाउटश्टेर्के’ अशी संज्ञा वापरली जाते आणि घराबाहेर ऐकू येणार नाही किंवा जेमतेम जाणवेल इतकाच आवाज, असा तिचा अर्थ होतो. दुपारी १ ते ३ या वेळेतील विश्रांती अनेक इमारतींच्या नियमावलीत असते. रविवारचे स्थान तर याहून वरचे आहे, कारण रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या हे कामापासून विश्रांतीचे व मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून संरक्षित राहतील, ही १९१९ च्या वायमार संविधानातील तरतूद आजच्या जर्मन संविधानाने आपल्यात जशीच्या तशी सामावून घेतली आहे. त्यामुळे नव्या घरात फळी बसवण्यासाठी रविवारी भिंतीला ड्रिल लावणे हा तेथे शेजाराचा मोठा अपराध ठरतो.

संगीताला मात्र या चौकटीत स्वतःची हक्काची जागा आहे, आणि छंद जोपासणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. आउग्सबुर्ग येथील एका व्यावसायिक ट्रम्पेटवादकाविरुद्ध त्याच्या शेजाऱ्यांनी केलेल्या दाव्यात कार्ल्सरुहे येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१८ रोजी निकाल दिला आणि खालच्या न्यायालयाने घातलेली कडक बंधने रद्द ठरवली. घरी संगीताचा सराव करणे हा फुरसतीच्या नेहमीच्या, समाजमान्य उपक्रमांचा भाग असल्याने शेजाऱ्यांनी तो वाजवी मर्यादेत सहन केला पाहिजे, असे न्यायालयाने मानले. कामाच्या दिवशी सुमारे दोन ते तीन तास आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी एक ते दोन तास, तेही दुपारची व रात्रीची विश्रांती पाळून, असे स्थूल प्रमाण त्याने सुचवले. या बाबतीत व्यावसायिक कलावंताला हौशी वादकापेक्षा जास्त किंवा कमी हक्क नाहीत, हेही त्या निकालात स्पष्ट झाले. प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती निराळी असते आणि विशिष्ट इमारतीची नियमावली वेळा अधिक काटेकोरपणे ठरवू शकते, हे खरे असले तरी हौसेने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला चोरट्यासारखे वागण्याची गरज नाही, एवढा दिलासा या निकालाने निश्चित दिला आहे.

हक्क मिळाला तरी भिंतीचा स्वभाव बदलत नाही, म्हणून ध्वनी एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो हे थोडे जाणून घ्यावे लागते. गळ्यातून निघालेला सूर हवेतून प्रवास करून भिंतीवर आदळतो आणि तिला किंचित कंप देतो. हा वायुवाहित ध्वनी होय. जमिनीवर ठेवलेला डग्गा किंवा पियानोचे पाय मात्र इमारतीच्या हाडांनाच थेट कंप देतात, आणि हा घनवाहित ध्वनी स्लॅबमधून, खांबांतून दोन मजले खालीही पोहोचू शकतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या उंच छताच्या इमारतींत मजल्यांमध्ये बहुधा लाकडी तुळया असतात, त्यामुळे तेथे पावलांचा व ठेक्याचा आवाज खालच्या घरात अधिक जातो. नव्या इमारतींत काँक्रीटच्या स्लॅबवर मऊ थर आणि त्याच्यावर सिमेंटचा वेगळा, भिंतींना न चिकटणारा थर घालतात, ज्याला तरंगती जमीन म्हणतात, आणि तिच्यामुळे हा आवाज पुष्कळ अडतो.

भिंतीला स्पंज किंवा अंड्यांचे ट्रे लावले की आवाज बाहेर जात नाही, हा समज फसवा आहे, कारण खोलीतला घुमारा कमी करणे आणि आवाज पलीकडे जाऊ न देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम मऊ, सच्छिद्र वस्तू करतात, तर दुसऱ्यासाठी वजनदार भिंत किंवा मधे पोकळी ठेवून उभारलेला दुसरा पडदा लागतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे १०० हर्ट्झच्या खर्ज ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर, तर २,००० हर्ट्झच्या तीव्र ध्वनीची केवळ १७ सेंटिमीटर भरते. जाड पडदा दुसऱ्याला सहज गिळतो, पहिल्याला त्याची जाणीवही होत नाही. शेजाऱ्याची तक्रार चाटीच्या बोलापेक्षा डग्ग्याच्या घुमाऱ्याविषयी अधिक असते, ती यामुळेच. डग्ग्याखाली जाड रबर व त्यावर सतरंजी घालणे, पेटी सामायिक भिंतीपासून दूर ठेवणे, त्या भिंतीला पुस्तकांनी भरलेले जड कपाट लावणे आणि रियाजाच्या वेळी खिडक्या बंद ठेवणे, हे भाड्याच्या घरात करता येण्याजोगे आणि खरोखर उपयोगी पडणारे उपाय आहेत.

वाद्यांना परदेशाची हवाही मानवावी लागते. हिवाळ्यात बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की तिच्यातील सापेक्ष आर्द्रता फार उतरते, आणि या कोरडेपणात लाकूड आकसते. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला किंवा सांध्याला चीर जाण्याचा धोका तेव्हाच सर्वांत अधिक असतो. तबल्याची पुडी कोरडी होऊन ताणली जाते आणि सूर चढतो. खोलीतील आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राखणे आणि वाद्य तापकापासून दूर ठेवणे एवढी काळजी घेतली तर बहुतेक नुकसान टळते. जर्मन घरांत बुरशी धरू नये म्हणून दिवसातून काही वेळा खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळवण्याची सवय भाडेकरूला लावून घ्यावी लागते. त्या थंड झोतात वाद्य उघडे राहणार नाही, हेही पाहावे लागते.

हिंदुस्थानी संगीताच्या रसिकाला याहून सूक्ष्म अडचण जाणवते ती वेळेची. रागांचे प्रहर सूर्याच्या उदयास्ताशी जोडलेले आहेत, आणि महाराष्ट्रात सूर्योदय वर्षभरात सुमारे तास-सव्वातासच मागेपुढे होत असल्याने ही सांगड सहज निभते. श्टुटगार्टला मात्र डिसेंबरअखेर सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवून साडेचारच्या आसपास मावळतो, तर जूनमध्ये पहाटे सव्वापाचनंतर उगवलेला सूर्य रात्री साडेनऊच्या आसपास मावळतो. म्हणजे हिवाळ्यात भैरव रुहेत्साइट संपल्यावर निवांतपणे गाता येतो आणि यमनाची वेळ कार्यालय सुटण्यापूर्वीच येऊन जाते. उन्हाळ्यात सूर्योदयाचा भैरव रात्रीच्या शांततेत अडकतो, यमनाला जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि मालकंस व दरबारी हे तर बाराही महिने खोलीपुरत्या आवाजातच राहतात. यावर प्रत्येक गाणारा आपापला मार्ग काढतो. कोणी घड्याळाला मान देऊन प्रहर सैल करतो, तर कोणी रात्रीचा राग मंद्र सप्तकात, तंबोऱ्याच्या हलक्या आसेवर गुणगुणतो. खालच्या पट्टीतला हा संथ रियाज स्वरांचा ठाव नीट दाखवतो, त्यामुळे सक्तीच्या या मर्यादेतूनही पुष्कळ काही हाती लागते.

गुरू महाराष्ट्रात असल्यास आणखी दोन गणिते जुळवावी लागतात. भारतीय घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असल्याने कामावरून परतल्यानंतरचे सात वाजले की गुरूंकडे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. साहजिकच शिकवणी शनिवार-रविवारच्या सकाळी जाते, जेथे पुन्हा शेजाराची शांतता आडवी येते. दुसरे गणित विलंबाचे आहे. काचतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो, त्यामुळे सहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतराला केवळ एका दिशेने किमान ३० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक. एकत्र वाजवणाऱ्यांना २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडचा विलंब खटकू लागतो. म्हणून पुण्यातल्या तबलजीने ठेका धरावा आणि श्टुटगार्टला त्यावर बंदिश मांडावी, हे साधत नाही. गुरूने म्हणून दाखवावे आणि शिष्याने मागाहून म्हणावे, ही पाळीपाळीची जुनी रीतच या माध्यमाला मानवते.

छंद घराबाहेर नेण्याची सोयही तेथे आहे. प्रौढांसाठी अल्प शुल्कात वर्ग चालवणारी ‘फोल्क्सहोखशूले’ ही लोकशिक्षण संस्था, नगरपालिकांच्या संगीतशाळा, गावोगावची वाद्यवृंद मंडळे आणि हौशी समूहगान मंडळे यांत नवख्याला प्रवेश मिळतो, आणि भाषा अडखळत असतानाही समूहात बसता येते असे हे दुर्मीळ ठिकाण असते. मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात भाड्याच्या सभागृहात टाळ-ढोलकीला मोकळीक मिळते, जी सदनिकेत मिळणे शक्य नसते.

पेटीच्या बाबतीत तर हे परकेपण ऐतिहासिकदृष्ट्याही पूर्ण खरे नाही. अलेक्झांद्र दबेँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसला हार्मोनियमचे पेटंट घेतले, १८५३ मध्ये श्टुटगार्टमध्येच श्चीडमायर बंधूंचा हार्मोनियमचा कारखाना उभा राहिला, आणि याच राज्यातील ट्रोसिंगन गावी १८५७ पासून होनर यांचे माउथऑर्गन बनू लागले, ज्यांत पेटीसारखीच धातूची मोकळी पट्टी हवेने कंप पावून सूर देते. मराठी संगीत नाटकाने आपलीशी केलेली, हाताने भाता चालवायची पेटी ही या युरोपीय वाद्याचे भारतात घडलेले रूप आहे, आणि जुन्या पेट्यांमधील जर्मन सुरांची वाखाणणी पेटीवादकांच्या बोलण्यात आजही ऐकू येते. मराठी कुटुंबाच्या सामानातून श्टुटगार्टला पोहोचणारी पेटी त्या अर्थाने आपल्या आजोळी जात असते.

तरीही पहिल्या रियाजापूर्वी करण्याचे काम वाद्याशी संबंधित नाही. खालच्या, वरच्या आणि शेजारच्या दारावर टकटक करून आपली ओळख द्यावी, कोणत्या वारी किती ते किती वाजवणार हे सांगावे आणि त्रास झाल्यास निःसंकोच कळवण्याची विनंती करावी. कोणाची रात्रपाळी असते, कोणाचे तान्हे मूल दुपारी झोपते, ते नियमावलीत लिहिलेले नसते. ते दारातच कळते. केरवोखेची पाटी जशी एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते, तशीच इमारतीतली शांतता आणि तिच्यातला नाद हेही पाळीनेच वाटून घ्यायचे असतात, आणि ज्याने जिन्याची आपली पाळी मनापासून पार पाडली त्याच्या तासाभराच्या रियाजालाही त्या जिन्यावर सहसा आदराने जागा मिळते.