दहा राग आणि डिस्कोचा ठेका

जुने, हटके अल्बम शोधायचे कसे? आज एकच उदाहरण घेऊ.

१९८२, मुंबई. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे चरणजित सिंग रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतात: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. भैरव, यमन, मालकंस असे दहा राग, आणि खाली डिस्कोचा ठेका! एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, पण ती फारशी चालली नाही.

हे जमलं कसं? ३०३ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं. आपली मींडच की! शिवाय रागात कॉर्ड बदलत नाहीत, 'सा' धरलेला असतो. म्हणून यंत्राचा एकसारखा ठेका खटकत नाही.

१९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्युचर'ने त्याच ३०३वर 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि ॲसिड हाउस गाजलं. चरणजितना जगाने ओळखलं ते थेट २०१० मध्ये, एका डच संग्राहकाने ती रेकॉर्ड पुन्हा काढल्यावर.

तर युक्ती अशी: गाणं आवडलं की गायकापाशी थांबू नका. वाजवलंय कुणी, कशावर, ते वाचा आणि ती नावं सर्च करा. ज्यांना दणदणीत गिटार हवी, त्यांनी मुंबईच्याच सत्तरच्या दशकातल्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट'पासून सुरुवात करा. हेडफोन लावा, भेटूच!