लोहाच्या जागी जस्त: रक्ताची चमक ॲनिमियाबद्दल काय सांगते?

"हिमोग्लोबिन तर बारा आलंय, मग एवढा थकवा कशामुळे?" करमाड परिसरातील अनेक स्त्रिया तपासणीचा कागद हातात घेऊन हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. शरीरातील लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन त्यानंतर घसरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया, म्हणजेच रक्तक्षय आहे. लोह कमी पडू लागले, पण हिमोग्लोबिन अजून घसरलेले नाही, अशा स्त्रिया या आकड्यात येत नाहीत.

कडे तेच, धातू वेगळा

हिमोग्लोबिनमध्ये प्रोटोपॉर्फिरिन नावाची कड्याच्या आकाराची रचना असते. या कड्याच्या मध्यभागी लोह बसले की 'हीम' तयार होते आणि रक्त प्राणवायू वाहू शकते. लोह कमी पडले तर त्या जागी जस्त, म्हणजे झिंक बसते. त्याला झिंक प्रोटोपॉर्फिरिन म्हणतात. ते प्राणवायू वाहत नाही.

या दोघांत आणखी एक फरक आहे. निळसर-जांभळा प्रकाश टाकला की जस्ताचे कडे नारिंगी-लाल चमकते, लोहाचे चमकत नाही. कड्याने शोषलेली ऊर्जा लोह लगेच स्वतःकडे ओढून घेते आणि तिची उष्णता होते. जस्त ती ओढून घेत नाही, म्हणून ती प्रकाश होऊन बाहेर पडते. याच गुणाच्या आधारे १९७०च्या दशकात अमेरिकेत रक्ताच्या एका थेंबातील ही चमक मोजणारे यंत्र तयार झाले. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे ही चमक मागील काही आठवड्यांत लोहाची किती टंचाई होती ते दाखवते.

शिशामुळेही हेच होते

कड्यात लोह बसवण्याचे काम एक विकर (एन्झाइम) करते. शिसे या विकराचे काम बिघडवते. मग शरीरात लोह असूनही कड्यात जस्त बसते. जुन्या बॅटऱ्या फोडणे, शिसे वितळवणे किंवा जुना रंग खरवडणे अशी कामे करणाऱ्यांना हा धोका असतो. कामाच्या कपड्यांवरची धूळ घरातील लहान मुलांपर्यंत पोहोचते. लोह कमी असलेल्या मुलांच्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. अशा वेळी नुसते टॉनिक पुरत नाही, शिशाचा संपर्क थांबवावा लागतो.

कोणती तपासणी करावी?

झिंक प्रोटोपॉर्फिरिनची तपासणी सगळीकडे होत नाही. जुनाट आजारातही ते वाढते, त्यामुळे केवळ त्यावरून निदान करत नाहीत. सीबीसी आणि फेरिटिन या तपासण्या बहुतेकांना पुरेशा असतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत फेरिटिन १५ पेक्षा कमी असेल तर लोहाचा साठा संपल्याचे मानतात. शिशाची शंका असल्यास रक्तातील शिशाचे प्रमाणच तपासावे.

काय लक्षात ठेवाल?

- थकवा, धाप, केस गळणे, माती किंवा खडू खावासा वाटणे ही लक्षणे असल्यास हिमोग्लोबिन ठीक असले तरी फेरिटिनबद्दल विचारा.
- लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते. लिंबू किंवा आवळा सोबत चालतो.
- गोळीमुळे शौचास काळे होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या सुरू ठेवाव्या लागतात.
- पोटात वारंवार कळ, बद्धकोष्ठता, हातातील ताकद कमी होणे आणि सोबत ॲनिमिया असेल, तर आपण काय काम करता ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- गोळ्या नियमित घेऊनही महिनाभरात फरक पडला नाही, तर स्वतःच डोस वाढवू नका. थॅलेसेमिया मायनर, अंगावरून जास्त जाणे, मूळव्याध अशी कारणे तपासून घ्या.